अनुदान: पैसा कुणाचा, जोखीम कुणाची?

२०२५च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि त्याच वर्षी १ जुलैला, १९६१पासून ही मदत पोचवत आलेली यूएसएड ही सरकारी संस्था स्वतंत्र संस्था म्हणून संपली. तेव्हापासून विकसनशील देशांतल्या छोट्या उद्योगांना मिळणाऱ्या अनुदानांवर वाद चालू आहे. मी तो आवर्जून वाचत आलोय, आणि जितका वाचला तितकी खंत वाढत गेली. एक बाजू म्हणते, बरं झालं. फुकटच्या पैशाने उद्योजक घडत नाहीत, अर्ज लिहिण्यात पटाईत झालेली माणसं घडतात. दुसरी बाजू म्हणते, अनुदान थांबलं म्हणजे गरीब देशांतली उद्यमशीलता मेली. दोघांचा आवेश खरा आहे, पण चूक दोघांची एकच आहे. अनुदानाला एकटंच पिंजऱ्यात उभं करायचं आणि ज्या अर्थव्यवस्थेत ते दिलं गेलं तिला साक्षीलाही बोलवायचं नाही, असा हा खटला चालला आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. अनुदान उद्योजकाला घडवत नाही आणि बिघडवतही नाही. ते एकच काम करू शकतं: ज्याला अपयश परवडत नाही, त्याच्या संभाव्य नुकसानीतला काही वाटा दुसऱ्याच्या अंगावर घेणं. हे काम नीट झालं तर त्याचं मोल फार मोठं आहे, कारण गरीब देशात ते करणारं दुसरं कुणी नसतं. बँक करत नाही, सावकार करत नाही, नातेवाईकांची इच्छा असली तरी ऐपत नसते. पण धंदा सुरू झाल्यावर तो वाढणार की खुंटणार हे चलन, वीज, व्याजदर, नियम आणि गिऱ्हाईकाचा खिसा ठरवतात. म्हणून अनुदानाला विचारायचा प्रश्न 'किती रोजगार झाले?' हा नव्हे. कोणती जोखीम उचलली, आणि ती उचलायला दुसरं कुणी तयार होतं का, हे विचारायला हवं.

विरोधकांकडे भक्कम पुरावे आहेत, ते आधी मान्य करतो. त्यातला सर्वांत जड पुरावा युगांडाचा. २००८मध्ये तिथल्या सरकारने उत्तरेतल्या, दीर्घ यादवीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या भागात तरुणांच्या गटांना धंदा शिकण्यासाठी आणि अवजारं घेण्यासाठी रोख पैसे दिले. माणशी साधारण ४०० डॉलर, एकदाच, नंतर देखरेख जवळपास नाही. गटांनी शिवणकाम, सुतारकाम, लोखंडकाम, केशकर्तन असे धंदे निवडले. कुणाला पैसे द्यायचे हे पात्र गटांतून चिठ्ठ्या टाकून ठरलं, त्यामुळे तुलना खरीखुरी होती. चार वर्षांनी पैसे मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा ३८ टक्क्यांनी जास्त होती. हा निकाल जगभर गाजला. पण नऊ वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा गाठलं तेव्हा कमाईतला फरक जवळजवळ मिटलेला होता. न मिळालेले मागून येऊन पोचले होते. अनुदानाचा परिणाम कायमचा असतो असं म्हणणाऱ्याला या निकालापुढे थांबावंच लागतं.

दुसरा पुरावा चिलीचा. २०१०मध्ये सुरू झालेल्या 'स्टार्टअप चिली'ने जगभरातल्या नवउद्योजकांना सुमारे ४०,००० डॉलर, कंपनीत हिस्सा न मागता, देऊ केले. पुढे अभ्यास झाला तेव्हा दिसलं की नुसत्या पैशाने आणि बसायच्या जागेने कंपन्यांच्या वाटचालीत फरक पडला नाही. ज्यांना त्याच्या जोडीला कसून मार्गदर्शन आणि ठरावीक मुदतीत उत्तर मागणारं कुणी मिळालं, त्यांना फरक पडला. तिसरा मुद्दा त्याहून अवघड आहे: यशस्वी होणारा कोण, हे आधी ओळखताच येत नसेल तर अनुदान कुणाला द्यायचं? आणि चौथा मुद्दा नैतिक आहे. अनुदान देणारा दूर बसलेला असतो, उंटावरून शेळ्या हाकतो, आणि त्याच्या मर्जीप्रमाणे वागता वागता उद्योजकाची नजर गिऱ्हाईकावरून उडते. हे चारही मुद्दे गंभीर आहेत. एकालाही हसण्यावारी नेता येणार नाही.

आता युगांडाकडे पुन्हा पाहू. नऊ वर्षांनी फरक मिटला, म्हणजे पैसे वाया गेले का? एखाद्या तरुणाला विसाव्या वर्षी कारागीर होता आलं आणि दुसऱ्याला अठ्ठाविसाव्या वर्षी, तर तिसाव्या वर्षी दोघांचं उत्पन्न सारखं दिसेल. मधली आठ वर्षं कुठल्या खात्यात मांडायची? त्या वर्षांत एकाच्या घरी जास्त पैसा आला, अवजारं आली, हातात हुन्नर आला. नऊ वर्षांनंतरही त्यांच्याकडची साधनसामग्री आणि कुशल कामातला त्यांचा वाटा जास्तच होता. उलट याच निकालातून एक गोष्ट उघड होते, जी 'फुकटचा पैसा' म्हणणाऱ्यांना अडचणीची आहे. न मिळालेले तरुण हळूहळू, पै पै साठवून, त्याच ठिकाणी पोचले. म्हणजे दोन्ही गटांत जिद्द आणि अक्कल सारखीच होती, अडलं होतं ते भांडवलापाशी. मग दोघेही एकाच उंचीवर येऊन का थांबले? माझ्या मते याचं उत्तर अनुदानात सापडायचं नाही, ते त्या बाजारपेठेत आहे. जिथे आसपासच्या गावांत कपडे शिवून घेणारी माणसं मोजकी आणि त्यांचे खिसे रिकामे, तिथे चांगला शिंपीही एका मर्यादेपलीकडे जात नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पण मग कर्ज का नको, असा रास्त प्रश्न येतो. धंदा चांगला असेल तर कर्ज फेडता येईल, आणि फेडता येत नसेल तर धंदा चांगला नव्हता. ऐकायला हे बिनतोड वाटतं, म्हणूनच इथे जरा थांबतो. श्रीलंकेत २००५च्या सुमारास अगदी लहान व्यावसायिकांना १०,००० किंवा २०,००० श्रीलंकन रुपये, रोख किंवा मालाच्या रूपात, देऊन पाहिले. कुणाला द्यायचे हे इथेही चिठ्ठीने ठरलं. त्या वाढीव भांडवलावर मिळालेला सरासरी परतावा महिन्याला ५ टक्क्यांच्या आसपास निघाला, बाजारातल्या व्याजापेक्षा पुष्कळच जास्त. इतका परतावा मिळत असताना या माणसांनी आधीच कर्ज का काढलं नव्हतं? ती आळशी होती म्हणून? की त्यांना हिशेब कळत नव्हता? सरासरी परतावा हा अनेकांचा मिळून असतो आणि बुडणारा माणूस एकटा बुडतो, हे त्यांना नीट कळत होतं. ज्याची बचत शून्य आहे, त्याच्या घरात एक वाईट महिना म्हणजे मुलाची शाळा सुटणं किंवा आजारपण अंगावर काढणं. अशा माणसाने महिन्याला ५ टक्क्यांची संधी सोडून दिली तर तो शहाणपणाच करतो.

कर्जाची घडणही पाहा. सूक्ष्मकर्जाची, म्हणजे गरिबांना दिल्या जाणाऱ्या लहान कर्जांची, ठरलेली पद्धत अशी की पैसे हातात पडल्यावर दोनेक आठवड्यांत पहिला हप्ता द्यायचा. आता एखादी बाई त्या पैशातून शिलाई मशीन घेते असं समजू. पहिले काही आठवडे हात बसण्यात जातात. मग उसवलेलं शिवायची, कपडे लहानमोठे करायची किरकोळ कामं येतात. मोठं काम, शाळेच्या गणवेशांचं, वर्षातून एकदा हंगामात येतं, आणि तेही तिच्या शिलाईवर विश्वास बसल्यावर. पण हप्ता चौदाव्या दिवशी दारात उभा. मग ती काय करील? मशीन घेणारच नाही. आज आणून उद्या विकता येईल असा माल घेईल, जो शेजारची आणखी दहा जणं विकत असतात. कोलकात्यात एका प्रयोगात काही कर्जदार स्त्रियांना पहिल्या हप्त्यासाठी दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांची मुदत दिली. कर्जाची रक्कम तीच होती. जवळपास तीन वर्षांनी या स्त्रियांच्या धंद्यांचा नफा ४० टक्क्यांच्या आसपास जास्त होता. आणि हेही सांगायला हवं की त्यांच्यात कर्ज थकण्याचं प्रमाणही वाढलं होतं. दोन्ही गोष्टींचं मूळ एकच. सवड मिळाली म्हणून त्यांनी जोखीम घेतली, त्यात काहींचं फळलं, काहींचं फसलं. फसलेल्यांचा तोटा कर्ज देणारी संस्था सोसत नाही, म्हणून ती सवड देत नाही. २०१५मध्ये बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांतले सूक्ष्मकर्जाचे अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांचा निष्कर्ष असा की कर्जाने थोडं भलं झालं, पण गरिबीतून बाहेर काढणारे उद्योग त्यातून सरसकट उभे राहिले नाहीत. चौदाव्या दिवशी फेडायच्या पैशातून ते उभे राहतील तरी कसे?

श्रीलंकेच्या त्या प्रयोगात एक बोचणारी गोष्ट होती: चांगला परतावा पुरुषांच्या धंद्यांत दिसला, स्त्रियांच्या धंद्यांत तो शून्याच्या जवळ होता. यावरून काहींनी स्त्रियांना उद्योगासाठी पैसे देणं फोल आहे असा अर्थ काढला. २०१९मध्ये श्रीलंका, भारत आणि घाना या देशांतली माहिती पुन्हा तपासून संशोधकांनी दाखवलं की ज्या घरात नवऱ्याचाही धंदा आहे, तिथे बायकोला मिळालेला पैसा पुष्कळदा नवऱ्याच्या धंद्यात जात होता. ज्या घरात ती एकटीच उद्योजक होती, तिथे परतावा पुरुषांच्या तोडीचा होता. म्हणजे पैसा काम करत होता, फक्त तो ज्याच्या नावावर मोजला जात होता त्याच्या हातात तो राहिला नव्हता. अनुदान अर्थव्यवस्थेच्या पोटात पडतं, आणि घर ही सर्वांत लहान अर्थव्यवस्था आहे.

आता निवडीचा मुद्दा. नायजेरियात २०११मध्ये 'यूविन' नावाची सरकारी स्पर्धा सुरू झाली. पहिल्या फेरीत जवळपास २४,००० तरुणांनी अर्ज केले. त्यातून १,२०० विजेते झाले. यांतले सातशेहून जास्त जण अंतिम टप्प्यातल्या पात्र अर्जदारांतून चिठ्ठ्या टाकून निवडले होते. प्रत्येकाला सरासरी ५०,००० डॉलरच्या आसपास रक्कम मिळाली, टप्प्याटप्प्याने, ठरलेलं काम दाखवल्यावर पुढचा हप्ता अशी. तीन वर्षांनी चिठ्ठीत निघालेल्यांचे उद्योग न निघालेल्यांच्या तुलनेत जास्त प्रमाणात टिकले होते आणि दहा किंवा अधिक माणसं कामाला ठेवण्याची मजलही त्यांनी जास्त प्रमाणात गाठली होती. जादा रोजगार सुमारे ७,००० भरले. त्याहून महत्त्वाचं पुढे निघालं. परीक्षकांनी प्रकल्प अहवालांना दिलेल्या गुणांवरून पुढे कोण यशस्वी होणार हे कळत नव्हतं. आधुनिक संगणकी पद्धतींनाही ते फारसं जमलं नाही.

याचा अर्थ अनुदान निरर्थक आहे असा होतो का? माझ्या लेखी नेमका उलटा होतो. यश आधी ओळखता येत असतं तर बँकांनीच या माणसांना गाठलं असतं, अनुदानाची गरजच पडली नसती. ओळखता येत नाही म्हणूनच कुणीतरी अनेकांवर थोडी थोडी जोखीम घ्यावी लागते आणि काही जण पडतील हे आधीच मान्य करावं लागतं. निरर्थक आहे ती निवडीची आरास: चाळीस पानी अर्ज, सादरीकरणं, आणि तो रकाना, 'तीन वर्षांत किती रोजगार निर्माण होतील?' ज्याने अजून एकही वस्तू विकलेली नाही त्याने या रकान्यात काय लिहायचं? प्रामाणिक माणूस 'दोन' लिहितो आणि मागे पडतो. शेजारचा 'पन्नास' लिहितो. मग तीन वर्षांनी मूल्यमापन होतं आणि पन्नासांचे चार झाले म्हणून अनुदान अपयशी ठरतं. त्या आकड्यावर चर्चा करणाऱ्या दोन्ही बाजूंना मी विनंती करीन की तो आकडा जन्माला कसा आला ते आधी पाहा. किमान पात्रता तपासून बाकीचं चिठ्ठीवर सोपवणं हे वरवर बेफिकिरीचं वाटतं, पण आपल्याला भविष्य दिसत नाही ही कबुली त्यात आहे. शिवाय वशिल्याला जागा उरत नाही, हा फायदा लहान नव्हे.

आतापर्यंत अनुदानाची बाजू मांडली. पण त्याचे समर्थक जिथे गप्प बसतात, तिथे बोलायला हवं. त्याच नायजेरियाचं पाहू. यूविनमधली कमाल रक्कम १ कोटी नायरा (तिथलं चलन) होती. त्या वेळच्या दराने ती ६०,००० डॉलरच्या वर जात होती. जून २०२३मध्ये नायजेरियाने विनिमय दर मोकळा केला. डॉलरला साधारण ४७० नायरा पडत होते, ते २०२४च्या सुरुवातीला १,५००च्या पुढे गेले. त्या दराने तेच १ कोटी नायरा ७,००० डॉलरही होत नाहीत. यंत्र परदेशातून येणार, सुटे भाग परदेशातून येणार, आणि विक्री नायरात होणार. वीज वाहिनीतून येईलच याचा भरवसा नाही. वीस कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात वीजजाळं साधारण ४,००० ते ५,००० मेगावॉटच पोचवतं, म्हणून छोट्यातला छोटा कारखानदारही जनरेटर ठेवतो आणि आपल्या उत्पादनाच्या आधी स्वतःची वीज तयार करतो. २०२४च्या नोव्हेंबरात मध्यवर्ती बँकेचा धोरण दर, ज्यावरून बाकीचे व्याजदर ठरतात, २७.५ टक्के झाला. सरकारला पैसे उसने देऊन वीस टक्क्यांच्या आसपास व्याज निवांत मिळत असताना कोणत्या बँकेने एखाद्या नवख्या कारखानदाराकडे वळून पाहिलं असतं? अशा हवेत अनुदान मिळालेला उद्योग बुडाला तर आपण म्हणतो, बघा, अनुदानाने काही होत नाही. पैशाशिवाय दुसरी सगळी सोंगं आणता येतात म्हणतात. इथे पैसा खराच होता, त्याची किंमत मात्र हातातल्या हातात वितळली. अर्जेंटिनात २०२३मध्ये वार्षिक महागाई २११ टक्क्यांवर गेली. तिथे बारा महिन्यांनी मिळणारा हप्ता आकड्याने तोच राहिला तर खरेदीच्या हिशेबात जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. अशा देशात टप्प्याटप्प्याने हप्ते देण्याची शिस्त उद्योजकाला चुकीच्या कारणासाठी मारते.

आणि गिऱ्हाईक? केनियाच्या सियाया भागात एका मोठ्या प्रयोगात १०,५०० गरीब घरांना प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर रोख दिले गेले. हे पैसे उद्योजकांसाठी नव्हतेच, ते कसलीही अट न घालता घरांना दिले होते. पण त्या गावांतल्या आणि शेजारच्या गावांतल्या दुकानांची, गिरण्यांची, कारागिरांची विक्री वाढली. दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवस्थेत जवळपास अडीच डॉलरची उलाढाल झाली, आणि भाव जवळजवळ वाढलेच नाहीत. भाव का वाढले नाहीत? दुकानदार मोकळा बसलेला होता, गिरणीवाल्याच्या हातात रिकामा वेळ होता, मशीन अर्धा दिवस बंद होतं म्हणून. क्षमता होती, मागणी नव्हती. मला हा निकाल उद्यमशीलतेवरच्या कितीतरी परिषदांपेक्षा मोलाचा वाटतो. आपण दरवर्षी हजारो तरुणांना धंदा कसा करावा हे शिकवतो, पण त्यांच्याकडून विकत कोण घेणार हे विचारत नाही. काही ठिकाणी उद्योजकाला द्यायचं सर्वांत उपयोगी अनुदान त्याच्या शेजाऱ्याच्या खिशात टाकावं लागतं.

अनुदान आणि परिस्थिती एकमेकांना कशी भेटतात हे केनियात मोबाईलवरून पैसे पाठवण्याच्या एम-पेसा या सेवेच्या जन्मात दिसतं. व्होडाफोनसारख्या बलाढ्य कंपनीतही हा प्रकल्प आतल्या भांडवलाच्या स्पर्धेत टिकला नसता, कारण दुसऱ्या कामांत परतावा जास्त आणि खात्रीचा होता. ब्रिटिश सरकारच्या विकास विभागाने १० लाख पौंडांच्या आतबाहेर अनुदान दिलं, तेवढाच वाटा कंपनीने घातला. मूळ कल्पना सूक्ष्मकर्जाचे हप्ते फोनवरून भरण्याची होती. २००५मध्ये चाचणी सुरू झाली तेव्हा लोक भलतंच करू लागले: एकमेकांना पैसे पाठवू लागले. कंपनीने ते पाहिलं, कल्पना बदलली, आणि मार्च २००७मध्ये सफारीकॉम या केनियातल्या मोबाईल कंपनीने गावी पैसे पाठवण्याची सेवा म्हणून ती बाजारात आणली. केनियाच्या मध्यवर्ती बँकेने कायदा तयार होईपर्यंत अडवून धरलं नाही, हरकत नसल्याचं पत्र दिलं. शहरात कमावणारी आणि गावी पैसे पाठवणारी लाखो माणसं होती, बँकांच्या शाखा दूर होत्या, फोन हातात आले होते. अनुदानाने यातलं काहीच निर्माण केलं नाही. त्याने फक्त चुकून पाहण्याची मुभा विकत घेतली. श्रीमंत कंपनीला सार्वजनिक पैसा कशाला, हा आक्षेप मी समजू शकतो. पण व्होडाफोनलाही जी जोखीम एकट्याने घ्यावीशी वाटली नाही, ती एका शिंपिणीने एकटीने घ्यावी असं आपण कोणत्या तोंडाने सांगतो?

इतिहासात हे पहिल्यांदा घडत नाही. १८७२मध्ये जपानच्या मेइजी सरकारने तोमिओका इथे रेशमाची आधुनिक गिरणी स्वतःच्या पैशाने उभारली. फायद्याच्या हिशेबात ती कधी डोळे दिपवणारी नव्हती. पण तिथे शिकलेल्या मुली इतर ठिकाणच्या गिरण्यांत जाऊन शिकवू लागल्या, आणि १८९३मध्ये सरकारने ती गिरणी मित्सुईला विकली. पहिल्या चुकांचा खर्च राज्याने उचलला, नंतरचा धंदा खासगी हातांनी केला. १९६०च्या दशकात दक्षिण कोरियाने उद्योगांना स्वस्त कर्ज दिलं, पण निर्यात करून दाखवण्याच्या अटीवर. परदेशातला गिऱ्हाईक हाच परीक्षक होता आणि त्याला वशिला लावता येत नव्हता. मात्र कोरियाचं नाव घेणारे एक विसरतात. १९६४मध्ये वॉनचं मोठं अवमूल्यन करून विनिमय दर वास्तवाजवळ आणला होता, जमीन सुधारणा आधीच झाल्या होत्या, शाळा पसरल्या होत्या, आणि अमेरिकेची बाजारपेठ माल घ्यायला उघडी होती. ती राजवट हुकूमशाही होती, हेही विसरता कामा नये. तिची शिस्त जशीच्या तशी उचलावी असं मी मुळीच म्हणणार नाही.

सर्वांत बोलकी जोडी इस्रायलची आहे. १९९२मध्ये तिथल्या सरकारने 'इनबाल' योजनेत नव्या उद्योगांत पैसे घालणाऱ्या फंडांना तोट्यापासून ७० टक्क्यांपर्यंत हमी दिली. योजना फसली. तोटा झाकला गेला होता, पण जिंकण्याची ओढ त्यातून आली नाही. पुढच्याच वर्षी १० कोटी डॉलरची 'योझमा' आली. सरकारने फंडांत ४० टक्क्यांपर्यंत वाटा घेतला आणि खासगी भागीदारांना सांगितलं की पाच वर्षांत आमचा हिस्सा ठरलेल्या दराने विकत घ्या, मग होईल तो फायदा तुमचा. ही योजना चालली. 'मग अनुदान म्हणजे अपयशाचा वाटा उचलणं हे तुमचं म्हणणं इथेच खोटं ठरतं', असं कुणी म्हणेल. आक्षेप योग्य आहे, आणि त्यातून माझं म्हणणं मला नेमकं करावं लागतं. ज्याच्याकडे दुसऱ्यांचे कोट्यवधी आहेत त्याला अपयश परवडतं. त्याची हमी घेणं म्हणजे जनतेच्या पैशाची नासाडी. ज्याच्याकडे पुढच्या महिन्याचं भाडं नाही त्याला ते परवडत नाही. जोखीम उचलायची ती या दुसऱ्या माणसाची. आणि योझमाच्या यशामागेही सोव्हिएत संघातून त्या दशकात आलेले लाखो लोक होते, ज्यांत अभियंते आणि शास्त्रज्ञ भरपूर होते. ती परिस्थिती कोणत्याही योजनेने तयार केलेली नव्हती.

उरतो परावलंबनाचा आक्षेप, जो मला सर्वांत जवळचा वाटतो. काही उद्योग दर दोन वर्षांनी नवं अनुदान मिळवून जगतात. त्यांचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक देणगीदारच असतो. देणगीदाराला यंदा हवामान हवं असेल तर उद्योग हवामानाचा होतो, पुढल्या वर्षी डिजिटल हवं असेल तर डिजिटल. त्यातल्या हुशार माणसांना मी दोष देत नाही. जिथे गिऱ्हाईक १०० रुपये द्यायला कां कूं करतं आणि देणगीदार नीट लिहिलेल्या अर्जासाठी १० लाख देतो, तिथे कुठलाही समजदार माणूस अर्जच लिहील. म्हणून माझं मत असं की अनुदान एकदाच द्यावं, पुरेसं द्यावं, लवकर द्यावं. आणि त्याच उद्योगाला दुसऱ्यांदा द्यायचं असेल तर कागद पाहू नये, पैसे मोजून परत आलेली गिऱ्हाइकं पाहावीत. तुटपुंजी रक्कम पुन्हा पुन्हा देण्याने जोखीम कमी होत नाही, फक्त लांबते. महागाईच्या देशात हप्त्याची किंमत महागाईशी बांधावी. आणि सरकारांनी अनुदान योजना जाहीर करताना एक हिशेब सोबत मांडावा: छोट्या पुरवठादारांची आपल्याकडची बिलं किती दिवस थकली आहेत? एका हाताने अनुदान द्यायचं आणि दुसऱ्या हाताने बिल वर्षभर अडवायचं, याने बुडालेले उद्योग कुठल्याच मूल्यमापनात दिसत नाहीत.

'पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही', असं अनुदानाचे विरोधक म्हणतात. मान्य. पण २०२५च्या जानेवारीत अमेरिकेने मदत गोठवून जे केलं ते पोहायला शिकवणं नव्हतं. कराराचा पहिला हप्ता घेऊन ज्याने शेडचा पाया घातला, यंत्राची आगाऊ रक्कम भरली, दोन माणसांना नोकरीवर या म्हणून सांगितलं, त्याचा दुसरा हप्ता परवानगी न विचारता थांबला. त्याने आपली जमापुंजी आणि शब्द दोन्ही त्या कराराच्या भरवशावर लावले होते. जी जोखीम उचलण्यासाठी अनुदान होतं, ती उलट वाढवून त्याच्या डोक्यावर ठेवली गेली. एखाद्या देशाला मदत बंद करायची असेल तर तो त्याचा अधिकार आहे. मग त्याने नवे अर्ज घेणं थांबवावं आणि सह्या झालेल्या करारांचे उरलेले हप्ते पूर्ण चुकते करावेत.